थोरलीच्या ब्रेकातली हवा

मास्तरांच्या घरात दोन बायका नांदतात, ही बातमी गल्लीत नव्यानं राहायला येणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात कळे. त्याचे डोळे पुरेसे विस्फारले की मग कुणीतरी खुलासा करी. थोरली म्हणजे मास्तरांची जीप. दगडाच्या खाणीवर निकामी म्हणून झाडाखाली टाकून दिलेली, चारही चाकांनी ओढणारी ही गाडी मास्तरांनी लग्नाआधीच घरात आणली होती, तीही ट्रॅक्टरला बांधून. धाकटी म्हणजे मास्तरीणबाई. नावं बाईंनीच ठेवलेली. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी सकाळी त्या नवऱ्याला चहाला बोलवायला गेल्या, तर नवरा गाडीखाली आणि बाहेर नुसते दोन पाय. या घरात आपला नंबर दुसरा आहे हे त्यांनी तेव्हाच ओळखलं. चहाचा कप त्या दोन पायांशेजारी ठेवून त्या परत आल्या.

मास्तर शाळेत ड्रॉइंग शिकवायचे आणि बाई पुढच्या खोलीत शिवणकाम करायच्या. लेकीचं लग्न झालं, मास्तर निवृत्त झाले, गिऱ्हाइकं तयार कपड्यांकडे वळली, पण घराला चिकटून असलेल्या पत्र्याच्या शेडमधला संसार काही थांबला नाही. थोरलीला कधी दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. तिचं तेल, तिच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं ग्रीस, तिच्या फिरत्या दांड्यांचे क्रॉस, तिचं गळणारं रेडिएटर, सगळं मास्तरच करायचे. आणि करायची त्यांची एक रीत होती.

एखादा भाग सोडवला की मास्तर तो हातात घेऊन आधी नीट बघत. मग शेडच्या गुळगुळीत सिमेंटवर खडूनं त्याचं चित्र काढत. अगदी खरंखुरं, भोकांसकट, दात्यांसकट. मग तो भाग त्या चित्रावर ठेवायचा आणि त्याचे बोल्ट ज्या भोकातून निघाले, चित्रातल्या त्याच भोकात. मोठं काम निघालं की शेडची जमीन चित्रांनी भरून जाई आणि घरात आलेल्या पाहुण्याला दारातूनच हाकललं जाई. काम संपत आलं की एकेक चित्र रिकामं होत जायचं. सगळी चित्रं रिकामी झाली म्हणजे गाडी पुरी झाली. इतक्या वर्षांत जोडून झाल्यावर एखादा वायसर उरला आणि हा कुठला म्हणून डोकं खाजवत बसावं लागलं, असं एकदाही झालं नाही. बाई त्या चित्रांना केरसुणी लागू देत नसत. वरवर त्या म्हणत, ‘‘दोन खोल्यांचं घर, त्यातली एक सवतीनं बळकावलीय.’’ पण गिऱ्हाईक बाई ब्लाउजाचं माप द्यायला आली की तिला हळूच शेडच्या दाराशी नेऊन दाखवत. ‘‘बघा तरी कसं काढलंय. छापल्यासारखं.’’ असा नवरा आपल्याला मिळाला याचा त्यांना मनापासून अभिमान होता. तो त्यांनी नवऱ्याला मात्र कधी कळू दिला नाही, कारण मग तो शेडमधून बाहेरच आला नसता.

गेल्या पावसाळ्यात शाळेची बस उतारावरच्या चिखलात रुतली होती. आत पोरं रडत होती, बाहेर चार माणसं चार सल्ले देत होती. मास्तरांनी थोरली नेली, साखळी लावली, चारही चाकांना जोर देणारा छोटा दांडा मागे ओढला आणि ती म्हातारी चारही पायांवर दबकत, घाई न करता, बसला असं अलगद वर घेऊन आली की पोरं रडायची थांबून टाळ्या वाजवायला लागली. बाई तेव्हा शेजारच्या सीटवर होत्या. त्यांना स्वतःलाही टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, ‘‘आता घरी चला, गिऱ्हाईक यायचंय.’’

तर अशी ही थोरली आता भंगारात जायच्या बेतात होती.

जुन्या गाड्यांची ठरावीक काळानं तपासणी होते तशी तिची झाली होती. तपासणी अधिकारी तरुण, सरळ, कुणाचं वाईट न चिंतणारा माणूस. त्यानं पेडलवर पाय दाबून बघितला आणि मान हलवली. ब्रेक मऊ होते. ‘‘काका, गाडी तुम्ही छान ठेवलीय, पण ब्रेकला मी माफी देऊ शकत नाही. एक संधी देतो. सोमवारी परत आणा. तेव्हाही असाच निघाला तर कागद रद्द. मग ही रस्त्यावर नाही येणार.’’ त्याचं काही चुकत नव्हतं, हेच जास्त लागलं.

मास्तरांनी लगेच काम काढलं. चारही चाकं उतरवून गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली. चाकातले सिलिंडर सोडवून आतली रबरं बदलली, मुख्य सिलिंडरचीही बदलली. जमिनीवर चित्रं उमटली आणि रिकामीही झाली. सगळं नवं, सगळं घट्ट. उरलं फक्त नळ्यांतली हवा काढणं. ब्रेकच्या तेलात हवेचा बुडबुडा राहिला की तो दबतो आणि पायाखालचं पेडल मऊ पडतं. ही हवा एकट्यानं निघत नाही. हे काम दोघांचं.

आणि या कामात बाई मुरलेल्या होत्या. त्या ड्रायव्हरच्या सीटवर बसत, मास्तर मागच्या चाकापाशी आडवे होत. मास्तर ओरडत, ‘‘मार!’’ बाई पेडल तीन-चारदा हाणत आणि शेवटी दाबून धरून ओरडत, ‘‘धरला!’’ ते ऐकलं की मास्तर पान्यानं चाकामागचं निपल, हवा सोडायची बारीक तोटी, सैल करत. तेल नळीतून डब्यात पडे, त्याबरोबर हवा. बाईंचा पाय खाली टेके. मास्तर निपल आवळत आणि म्हणत, ‘‘सोड!’’ मार, धरला, सोड. लेक लहान असताना तिला वाटायचं आईबाबा भांडतायत.

यात एकच पथ्य. पाय वर येत असताना निपल उघडं असता कामा नये. असलं तर पेडल उलट बाहेरची हवा आत ओढतं आणि केलेलं सगळं पाण्यात जातं.

त्या आठवड्यात मार-धरला-सोड किती वेळा झालं याला गणती नाही. तेलाचे डबे संपले. पेडल तरी ओल्या कापसात पाय घातल्यासारखंच लागायचं. मास्तर परत उठत, सगळे जोड तपासत, परत आडवे होत. कुठे गळत नव्हतं, कुठे ढिलं नव्हतं, आणि नळीतून बुडबुडे यायचे थांबत नव्हते. शनिवारी दुपारी ते गाडीखालून बाहेर आले आणि उठलेच नाहीत. भिंतीला टेकून बसून राहिले. हातातला पाना त्यांनी खाली ठेवला, तोही चित्राबाहेर, कसाही.

‘‘लेकीला फोन कर,’’ ते म्हणाले. ‘‘गाडी विका म्हणून ती मागे लागलीय तेच खरं. देऊन टाकू.’’

‘‘अहो, सोमवारपर्यंत वेळ आहे अजून.’’

‘‘गाडीत काही दोष नाही गं. मी सगळं बघितलं. दोष माझ्यात आहे. माझ्या हातात आता राम राहिला नाही.’’

 थोरली गेली तर शेड रिकामी होईल, ती जागा शिवणाच्या कपाटाला होईल, हे सगळं ठीक. पण हा माणूस? गल्लीच्या टोकाला निवृत्त झालेले एक पोस्टमास्तर दिवसभर दारातल्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला वेळ विचारत. मनगटावर घड्याळ असूनसुद्धा. मास्तरांना त्या खुर्चीत बघायची बाईंची तयारी नव्हती.

‘‘एकदा शेवटचं करू,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझ्यासाठी. मग करते फोन.’’

मास्तर नाइलाजानं आडवे झाले. बाई दार धरून, सावकाश, तोंडातून आवाज निघू न देता सीटवर चढल्या. त्यांच्या उजव्या गुडघ्यानं गेलं वर्षभर उच्छाद मांडला होता. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. शिवणयंत्राला मोटर बसवून घेतली तीसुद्धा काम भराभर होतं या सबबीवर. ती बसवली मास्तरांनीच, आणि फार सुंदर बसवली.

नेहमी त्या समोर भिंतीकडे बघत पाय मारत. त्या दिवशी मात्र मास्तरांच्या चेहऱ्याची काळजी वाटून त्यांनी बाहेरचा आरसा थोडा खाली वळवला. आरशात मागच्या चाकाची जागा आली, पाना आला, मास्तरांचा हात आला.

‘‘मार!’’

बाईंनी पाय उचलला. एकदा. गुडघा कळवळला, क्षणभर थांबल्या. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा पाय वर येत होता, अजून त्यांनी काही म्हटलंच नव्हतं, तोच आरशातला पाना फिरला.

त्यांना वाटलं डोळ्यांना भास झाला. ‘‘सोड’’ आल्यावर त्यांनी परत केलं. परत तेच. पाय अर्ध्यावर आणि निपल उघडं. मग त्यांच्या मनात एक भलतीच शंका आली. पुढच्या वेळी त्यांनी पेडल मारलं, दाबून धरलं आणि तोंड गच्च मिटून घेतलं. ‘‘धरला’’ म्हटलंच नाही.

‘‘हां, ऐकलं,’’ मागून मास्तर म्हणाले. ‘‘अशीच धर.’’

बाई स्टिअरिंगला धरून तशाच बसून राहिल्या. त्यांना एकदम सगळं दिसायला लागलं. पूर्वी मास्तर लांब पेचकसाचं टोक इंजिनाला लावत आणि मूठ कानाला. आत कुठला दाता कुरकुरतोय, कुठल्या झडपेची चूक आहे, ते त्यांना तसं ऐकू यायचं. हल्ली ते पेचकसाची मूठ दातांत धरत. बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, असं जास्त स्पष्ट कळतं. बाईंना वाटलं होतं नवी युक्ती असेल, आणि दोन गिऱ्हाइकांना त्यांनी ती कौतुकानं सांगितलीही होती. दाराची बेल वाजली तरी मास्तर उठत नसत. लेक फोनवर बोलायची, मास्तर नुसतं ‘‘बरं बरं’’ म्हणत आणि फोन बाईंकडे देत. माणूस कानानं अधू होत चालला होता आणि त्यानं ते असं लपवलं होतं की एका छपराखाली राहून बायकोला पत्ता नाही.

मग याआधी हवा निघत कशी होती? तर हिशेब त्यांच्या अंगात भिनलेला होता. बायकोचा पाय किती वेगानं उचलतो, किती वेळात धरला जातो, हे त्यांना पाठ होतं. ‘‘धरला’’ ऐकायची गरजच नव्हती. मागच्या वेळी, त्याच्या मागच्या वेळी, सगळं त्या पाठांतरावर निभावलं. आणि आता बाईंचा पाय मंदावला होता. मास्तर त्या पायाच्या जुन्या चालीवर विसंबून पाना फिरवत होते. ब्रेकात हवा दोघांनी मिळून भरली होती, एकानं कान लपवून, दुसरीनं गुडघा.

बाईंना रडू आलं आणि त्याच वेळी हसूही. आपल्या पायाची चाल एखाद्यानं इतकी पाठ करून ठेवावी! पण आता हे बोलायचं कसं? थेट कानावर बोट ठेवलं तर हा माणूस मिटून जाईल, एवढं त्यांना माहीत होतं. त्या खाली उतरल्या, या वेळी विव्हळायचं लपवलं नाही, आणि मास्तरांच्या समोर, त्यांना आपलं तोंड दिसेल असं, जमिनीवरच बसल्या.

‘‘चूक माझी आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझा गुडघा गेलाय. पाय लवकर उचलत नाही. तुम्ही निपल उघडता तेव्हा माझा पाय अजून वरच असतो.’’

मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं. मग गुडघ्याकडे. ‘‘कधीपासून?’’

‘‘वर्ष झालं.’’

‘‘आणि मला बोलली नाहीस?’’

‘‘नाही बोलले,’’ बाई म्हणाल्या. नुसत्या बघत राहिल्या.

मास्तरांनी तेलकट फडकं उचललं, उगाच हात पुसले, परत पुसले. ड्रॉइंग मास्तर होते, कुठली रेघ कुठे मिळते हे त्यांना सांगावं लागत नसे. पाय वर असताना आपण निपल उघडतो, म्हणजे ‘‘धरला’’ यायच्या आधीच उघडतो.

‘‘मला ऐकू येत नाही गं,’’ ते म्हणाले. ‘‘डाव्या कानानं तर अजिबातच नाही.’’

‘‘माहीत आहे.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘आत्तापासून,’’ बाई म्हणाल्या, आणि दोघं त्या तेलकट जमिनीवर बसून हसायला लागले. हसता हसता मास्तरांचे डोळे भरले. बाईंनी पदरानं पुसले तर त्यांच्या गालाला काळं लागलं.

मग बाई उठल्या आणि शिवणाच्या खोलीतून परकराच्या नाडीचं नवं कोरं बंडल घेऊन आल्या. एक टोक त्यांनी मास्तरांच्या डाव्या मनगटाला बांधलं, दुसरं स्वतःच्या.

‘‘एक ओढ म्हणजे धरला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ओढ आल्याशिवाय पान्याला हात लावाल तर बघा.’’

त्या संध्याकाळी शेडमध्ये कुणीच ओरडलं नाही. मास्तर ‘‘मार’’ म्हणत, बाई आपल्या गुडघ्याला जमेल तसा सावकाश पाय मारत, धरत, आणि नाडीला हलकासा हिसका देत. तेव्हाच पाना फिरे. पहिल्या चाकाला बुडबुडे आले, मग कमी आले, मग यायचेच थांबले. चौथं चाक झालं तेव्हा बाईंच्या पायाखालचं पेडल अर्ध्यावरच दगडासारखं थांबलं. त्यांनी पूर्ण जोर लावून बघितला. हललं नाही. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी नाडीला घंटेसारखे हिसके द्यायला सुरुवात केली आणि मागून मास्तर ओरडले, ‘‘अगं, हात उपटशील!’’

सोमवारी थोरली तपासणीच्या मैदानावर उभी राहिली. अधिकारी हातात पाटी घेऊन आला आणि बाईंना म्हणाला, ‘‘मावशी, तुम्ही खाली उतरा. गाडीत फक्त चालवणारे.’’

बाईंनी याचा विचारच केला नव्हता. अधिकारी गाडीच्या मागे जाऊन उभा राहणार, तिथून डावा दिवा, उजवा दिवा, ब्रेक, रिव्हर्स असं ओरडणार, आणि मास्तरांना त्यातलं अक्षर ऐकू येणार नाही. दिवे लागले नाहीत की तो दिव्यांतच दोष काढेल. ब्रेकातली हवा काढली आणि इथे बुडणार! त्यांनी पिशवीत हात घातला. नाडी पिशवीतच होती. का ठेवली होती कोण जाणे, बहुधा शुभशकुन म्हणून.

उतरण्यापूर्वी त्यांनी एक टोक मास्तरांच्या मनगटात सरकवलं. ‘‘एक डावा, दोन उजवा, तीन ब्रेक, चार रिव्हर्स,’’ त्या ओठ ठळक हलवत म्हणाल्या. मास्तरांनी मान डोलावली. जीपच्या मागचा कापडी पडदा उघडा होता. बाई नाडी सोडत सोडत मागे गेल्या आणि अधिकाऱ्याच्या शेजारी, हात पदराखाली घेऊन, साळसूदपणे उभ्या राहिल्या.

‘‘डावा!’’ पदराखाली एक हिसका. डावा दिवा लुकलुकला. ‘‘उजवा!’’ उजवा. ‘‘ब्रेक!’’ लाल दिवे लख्ख लागले. शेवटी रिव्हर्सचा पांढराही. बाईंचा जीव टांगणीला लागला होता, पण गुडघा त्या वेळी दुखला नाही हे त्यांना नंतर आठवलं.

मग अधिकारी स्वतः स्टिअरिंगवर बसला. मास्तर उतरून बाईंशेजारी येऊन उभे राहिले. थोरली मैदानाच्या टोकापर्यंत गेली, वळली, वेगानं परत आली, आणि पांढऱ्या पट्ट्यापाशी त्यानं पेडल दाबलं. ती जागच्या जागी थांबली. ना डावीकडे ओढली गेली ना उजवीकडे. मास्तरांनी श्वास सोडला तो बाईंना ऐकू आला.

अधिकारी उतरला तेव्हा त्याच्या हातात नाडी होती. सीटवरून मागे लोंबत राहिलेली. त्यानं ती बघितली, मग बाईंच्या पदराकडे बघितलं, मग मास्तरांकडे.

‘‘हे काय आहे? हे गाडीबरोबर आलेलं दिसत नाही.’’

‘‘नाही,’’ बाई म्हणाल्या. ‘‘घरी केलंय. या गाडीतलं सगळंच घरी केलेलं आहे.’’

त्यानं नाडीची नीट घडी घातली आणि बाईंच्या हातात दिली. ‘‘गाडी पास आहे, मावशी. ब्रेक तर नव्या गाडीला नसतील असे आहेत. पण काकांचे कान मी तपासत नाही, ते तुम्ही तपासून घ्या. त्याशिवाय यांना स्टिअरिंगवर बसू देऊ नका.’’

‘‘घेते,’’ बाई म्हणाल्या. घरी येताना थोरली लेकीच्या नवऱ्यानं चालवली, कारण बाईंनी त्याला तिथूनच फोन करून बोलावून घेतलं. मास्तर शेजारच्या सीटवर बसले आणि वाटभर त्याला गिअर कसा टाकायचा ते शिकवत राहिले.

कानाची यंत्रं आली ती जोडीनं, शेंगदाण्याएवढी. बाईंच्या गुडघ्यालाही गोळ्या आणि व्यायाम लागले, आणि ते त्या आता सगळ्यांदेखत करत. यंत्रं मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी बाई पुढच्या खोलीत मशीनवर बसल्या होत्या. दारातून शेड दिसत होती. मास्तर पाठमोरे उकिडवे बसले होते. उजव्या कानात एक यंत्र होतं. दुसरं जमिनीवर, आणि मास्तर त्याच्याभोवती खडूनं, जीव एकवटून, चिमुकलं चित्र काढत होते. शेजारी बारीक पेचकस तयार ठेवलेला.

बाईंच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून, मशीनच्या आवाजाच्याही खाली, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, ‘‘ते उघडायचं नाही हं.’’

‘‘ऐकलं,’’ मास्तर मागे न वळता म्हणाले.

बाईंचा हात थांबला. त्यांनी मशीन बंद केलं, आणि त्याहून हळू, ओठ जेमतेम हलवत म्हणाल्या, ‘‘थोरलीचं पुष्कळ झालं. आता धाकटीचं ऐका जरा.’’

मास्तरांनी खडू खाली ठेवला.

‘‘तेही ऐकलं,’’ ते म्हणाले.